गाणं आपला अर्थ आपण सांगतं का?

शंकेखोर : गाण्यात काय दडलंय ते उलगडून सांगणाऱ्यांचं अलीकडे पेव फुटलंय. कुणी गिटार घेऊन लोकगीताच्या वळणाचं एखादं साधं गाणं म्हटलं की दुसऱ्या दिवसापासून त्यातल्या पाखराचा, वाटेचा, विझलेल्या चुलीचा अर्थ लावणं सुरू होतं. पाखरू म्हणजे गाव सोडून गेलेला मजूर, चूल म्हणजे मोडलेलं घर. कदाचित असेलही. पण गाणं आधी गळ्यातून येतं, मग चालीत बसतं, आणि शब्दांचा नंबर बऱ्याचदा शेवटी लागतो. पोवाड्यातला ‘जी जी’ किंवा ओवीतलं ‘गं बाई’ अर्थासाठी येत नाही, श्वास टाकायला येतं. मात्रा भरायला आलेल्या शब्दाला तुम्ही प्रतीक ठरवता आणि कवीच्या डोक्यात नव्हतं ते त्याच्या पदरात घालता. माझी तक्रार एवढीच आहे की या अर्थ लावण्याला बांध नाही. ज्याला जे हवं ते त्याला सापडतं.

रसिक : मराठी माणसाला गाण्यातला दुसरा अर्थ समीक्षकांनी शिकवलेला नाही. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या समाधीपाशी दिंड्या येतात. त्यांतल्या कुणालाही ज्ञानेश्वरांच्या विरहिणीतली ती व्याकुळ बाई कोण आहे हे समजावून सांगावं लागत नाही. तिची तगमग शरीराचीच आहे, तिला चंदनही पोळतं, आणि तरीही गाणारा म्हातारा वारकरी ती विठ्ठलाच्या ओढीची म्हणून गातो. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो तेव्हा वैद्याला बोलवायला कुणी धावत नाही. समोरची माणसं हसतात आणि त्या हसण्यातच त्यांना काम-क्रोधाचं विष कळलेलं असतं. म्हणजे दोन पदरी बोलणं हा आपल्या गाण्याचा जुना रिवाज आहे. वरचा पदर संसाराचा, आतला देवाचा. आतला अर्थ ओढूनताणून आणलेला नसतो. तो ऐकण्याच्या सवयीत असतो आणि ती सवय निदान सातशे वर्षांची आहे.

शंकेखोर : हे पदर उलटे झाले की काय होतं ते नाशिकनेच पाहिलंय. 1908 साली इथून ‘लघु अभिनव भारत माला’ नावाची छोटी पुस्तिका निघाली. छापणारे गणेश दामोदर म्हणजे बाबाराव सावरकर. कविता ओळखल्या जातात त्या कवी गोविंदांच्या नावाने, म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकरांच्या. तिळभांडेश्वराच्या गल्लीतला हा पायांनी अधू माणूस आधी लावण्या रचायचा, नंतर मित्रमेळा या क्रांतिकारी मंडळातल्या पोरांसाठी गाणी रचू लागला. त्या कवितांत देव होते, पुराणातले दैत्य होते, शिवाजी महाराज होते. जून 1909 मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने या पुस्तिकेबद्दल बाबारावांना राजाविरुद्ध युद्धाच्या, म्हणजे 121 व्या कलमाखाली जन्मठेपेची शिक्षा दिली. नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या निकालातला युक्तिवाद पाहा. देवांची आणि वीरांची नावं हे केवळ निमित्त आहे, खरा मजकूर सरकार परकं आणि जुलमी आहे म्हणून तलवार उचला असा आहे, असं न्यायमूर्तींनी म्हटलं. त्यासाठी गीतेतल्या कल्पना मध्ये आणायची गरज नाही, या कविता आपला अर्थ आपणच सांगतात, ज्याला मराठी येतं त्याला दुसरं काही कळणारच नाही, असंही म्हटलं. यावरून बचावाने गीतेचा आधार घेतला असावा असं दिसतं. आता मला सांगा, तुमची रीत आणि न्यायालयाची रीत यांत फरक काय? त्यानेही वरचा पदर बाजूला केला आणि आतला काढून दाखवला. विरहिणीत तुम्ही बाई बाजूला सारून देव दाखवता, त्याने देव बाजूला सारून तलवार दाखवली. तुमच्या वाचनाला टाळ्या मिळतात, त्याच्या वाचनाने एक माणूस अंदमानला गेला.

रसिक : प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. फरक नाही असंच मी आधी कबूल करतो. उलट पुढे जाऊन म्हणतो की न्यायमूर्तींचं वाचन बरोबर होतं. आज गोविंदांना ‘स्वातंत्र्यकवी’ म्हणणारा प्रत्येक जण न्यायालयाच्याच अर्थाच्या बाजूने उभा आहे. पुराणातल्या कथांच्या त्या निरुपद्रवी पद्यरचना होत्या, हा अर्थ कोर्टाच्या आवारापुरताच जगला. शिक्षा अन्यायाची होती. वाचन चुकीचं नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर जुलमाचा राग आपण अर्थावर काढू.

पण ‘कविता आपला अर्थ आपणच सांगतात’ हे वाक्य मला पटत नाही. खंडपीठावर न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर होते. रानड्यांच्या पश्चात मुंबईच्या प्रार्थना समाजाची धुरा त्यांनी वाहिली. म्हणजे अभंग म्हणणं आणि त्यातल्या आतल्या अर्थावर बोलणं हा त्यांच्या आयुष्याचा भाग होता. भक्तीचं गाणं कसं असतं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच हे तसं नाही हे त्यांना ओळखता आलं. शिवाय 1894 पासून गणेशोत्सवातले मेळे काय गात आले होते, शिवाजी महाराजांचं नाव घेताना पोरांचा आवाज कुणाकडे बघून चढत होता, तिकडे बंगालमध्ये काय पेटलं होतं, हे सगळं त्या न्यायालयाच्या खोलीत होतं. अफझलखानाच्या वधाचा प्रसंग शंभर वर्षं आधी रंगवला तर ती शौर्यकथा. 1908 च्या नाशकात रंगवला तर ऐकणारा लगेच विचारणार, आज खान कोण? कवितेने सांगितलं त्यातलं निम्मं गावाने सांगितलं होतं. न्यायमूर्तींना ते इतकं सरावाचं होतं की सगळं कागदावरच लिहिलंय असं त्यांना वाटलं.

शंकेखोर : मग तर माझाच मुद्दा पक्का झाला. अर्थ गावात आहे, शब्दांत नाही. गाव बदललं, साल बदललं की तेच शब्द दुसरंच बोलणार. आणि मग जबाबदारी कुणाची? गाणी रचली एकाने, गायली पन्नासांनी, अर्थ भरला सगळ्या शहराने, आणि जन्मठेप छापणाऱ्याला. गात होते तोवर कायद्याला ती पकडता आली नव्हती. चाल, डफ, पोरांचे चेहरे, समोरची गर्दी यांतून सोडवून शब्द कागदावर आले तेव्हा ते पुरावा झाले. आणि एक गोष्ट मला फार बोचते. हा खटला ज्यांच्या अमदानीत उभा राहिला ते नाशिकचे कलेक्टर जॅक्सन संस्कृत जाणणारे, लोककथा आणि लोकसमजुती जमवणारे अभ्यासक होते. 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरेंनी त्यांना गोळ्या घातल्या. त्यांनी जमवलेल्या सामग्रीवरून एन्थोव्हेन यांनी पुढे गुजरात आणि कोकणच्या लोकसमजुतींचे खंड काढले. लोकांच्या बोलण्यातले थर ओळखणारा माणूस आणि लोकांच्या गाण्यावर खटला चालवणारी यंत्रणा इथे एकाच खुर्चीत बसलेली होती. अर्थ जाणणं म्हणजे आपुलकी, असं जे तुम्ही गृहीत धरता, ते इथे टिकत नाही.

रसिक : आपुलकीचं मी मान्य करतो. पण अर्थ सगळा गावात आहे, शब्दांत काहीच नाही, हे नाही. एक साधी कसोटी आहे. एखादा अर्थ घेतला तर गाण्यातले किती शब्द रिकामे बसून राहतात ते पाहावं. गोविंदांच्या त्या कवितांना निव्वळ देवाची स्तुती मानलं तर त्यातला शस्त्राचा आग्रह आणि परक्याच्या राज्याची चीड बिनकामाची ठरते. युद्धाचा अर्थ घेतला तर प्रत्येक शब्द कामाला लागतो. विरहिणीचंही तसंच. ती केवळ शरीराची मानली तर शेवटची ज्ञानदेवांची मुद्रा आणि विठ्ठलाचं नाव लोंबकळत राहतं. केवळ देवाची मानली तर पोळणारं चंदन वाया जातं. म्हणून तिथे दोन्ही पदर लागतात. अर्थाला बांध नाही असं तुम्ही म्हणालात, तर बांध हाच आहे. गाव अर्थ सुचवतं, शब्द त्यातले काही नाकारतात.

आणि शब्द नाकारतात म्हणून तर माणसं शब्द गाळतात. अमेरिकेत वुडी गथ्री याने 1940 साली ‘धिस लँड इज युअर लँड’ लिहिलं. तिथल्या शाळाशाळांतून पोरं ते देशप्रेमाचं गोड गाणं म्हणून गात आली. खाजगी मालकीच्या पाटीबद्दलचं एक आणि मदतीच्या रांगेत उभ्या भुकेल्या माणसांबद्दलचं एक अशी कडवी त्या गाण्यात होती, ती पोरांपर्यंत येऊ दिली गेली नाहीत. अर्थ जर फक्त ऐकणाऱ्यांच्या हातात असता तर ती कडवी राहू दिली असती तरी काय बिघडलं असतं?

शंकेखोर : कसोटी चांगली आहे. तीच मी तुमच्यावर लावतो. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक घ्या. 1922 चा जन्म, 2004 ला गेले, हजारो गाणी मागे ठेवून. मुंबईत कामगार असताना कुणीतरी त्यांच्या हातात वाचायला पत्र दिलं. ते वाचता येईना म्हणून हा माणूस रडला, मग एका शिक्षकाकडून अक्षरं शिकला आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ती पक्की केली. ज्याला अक्षर न कळण्याची लाज अशी भोगावी लागली, तो आपलं म्हणणं कोड्यात कशाला घालेल? त्याला मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत, एकदाच ऐकून, तिथल्या तिथे पोचायचं होतं. भीमजयंतीच्या रात्री त्यांचं गाणं सुरू होतं तेव्हा एकही शब्द रिकामा नसतो, आणि तरी एकाही शब्दाला दुसरा पदर नसतो. तुमच्या कसोटीप्रमाणे काम वरच्या अर्थातच संपलं. मग अशा गाण्यावर प्रबंध लिहून त्यात प्रतीकं शोधणं हा त्या साधेपणाचा अपमान नाही का? साधं बोलणं ही त्यांनी कष्टाने मिळवलेली गोष्ट होती. ती न कळल्यासारखं करून आपण त्यांना ‘खोल’ ठरवायला निघतो, जणू साधं म्हणजे उथळ.

रसिक : साधं म्हणजे उथळ असं मानणाऱ्यांविरुद्ध मी तुमच्याच बाजूला आहे. वामनदादांना कोडं घालणारा कवी करणं चूकच. पण साधा शब्द नेमका कधी साधा असतो, तेवढं पाहू. 2 मार्च 1930 ला दादासाहेब गायकवाडांच्या पुढाकाराने काळारामाच्या दारात दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षं रेटत राहिला. दार उघडलं नाही. 1935 च्या ऑक्टोबरात याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेब आंबेडकरांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. हे ज्यांच्या घरात सांगितलं गेलं, त्यांच्यासाठी ‘दार’ हा शब्द पुन्हा कधी नुसता सुताराचा राहील का? महाडच्या 1927 मधल्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर ‘पाणी’ नुसतं तहानेचं राहिलं का? या शब्दांत दडवलेलं काही नाही, उघडउघड घडलेलं आहे. बाहेरच्याला तो शब्द साधा वाटतो, आतल्यालाही साधाच वाटतो. फक्त आतल्याच्या साधेपणात पाच वर्षं बंद राहिलेलं दार असतं.

दुसरं चालीचं. वामनदादांचं पहिलं गाणं 1943 चं, हिंदी गाण्याच्या चालीवर बेतलेलं. आंबेडकरी जलशांच्या परंपरेत ओळखीची चाल घेऊन तिच्यात आपले शब्द भरणं सर्रास चालायचं. शिकवायला वेळ लागत नाही, पहिल्या कडव्यालाच लोक साथ धरतात, हे त्याचं उघड कारण. पण कान जुने शब्द विसरत नाही. सिनेमात ज्या सुरावर नायक नायिकेच्या मागे फिरतो त्याच सुरावर कुणी शिक्षणाची, संघटनेची गोष्ट गातो तेव्हा जुन्या शब्दांच्या जागी नवे शब्द बसताना ऐकू येतात. हा दुसरा पदरच आहे, फक्त तो शब्दांखाली नाही, चालीखाली आहे. छापील संग्रहात वर नुसतं ‘चाल : अमुक’ असं लिहिलेलं असतं. ज्याला ती चाल येत नाही त्याच्या हाती गाणं अर्धंच लागतं. म्हणजे वरच्या अर्थात काम संपलं असं आपल्याला वाटतं ते आपण वाचतोय म्हणून. ऐकणाऱ्याचं काम चालूच असतं.

शंकेखोर : चालीचं मला पटलं. माझा आधीचा हट्ट तुम्ही थोडा सैल केलात. मीच सुरुवातीला म्हणालो होतो की चाल आधी आणि शब्द नंतर. मग अर्थ शोधायचा तर चालीत शोधायला हवा होता, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण आता तिसरा प्रकार घ्या, जिथे तुमचं यातलं काहीच हाताशी नाही. जात्यावरची ओवी. कवी नाही, मुद्रा नाही, उसनी चाल नाही, साल नाही, खटला नाही. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, हजाराहून जास्त गावांतून. एवढा ढीग लावायचा तर विषयवार कप्पे करावेच लागतात. भाऊ, माहेर, सासू, सीतेचा वनवास, पंढरी, बाबासाहेब. माहेरच्या कप्प्यात पडलेली ओवी माहेराबद्दलच आहे हे कुणी ठरवलं? इथे गोविंदांच्या नाशकासारखं ओळखीचं गाव नाही. हजार गावं आहेत, आणि प्रत्येक गावात पहाटेचा अंधार.

रसिक : अंधार आहे, पण जात्यापाशी बसून पाहा. वरचा दगड, खालचा दगड, मध्ये लाकडी खुंटा. एकटीला ओढायला जड, म्हणून बऱ्याचदा दोघी समोरासमोर बसतात. एका खुंट्यावर दोन हात, आणि मोकळ्या हाताने एक जण मुठीमुठीने दाणे सोडते. पहिली ओळ एकीची, जात्याचा फेरा आला की दुसरीने ती उचलायची. घरघर एवढी की हळू म्हटलेलं समोरच्या बाईलाच ऐकू जावं, ओसरीवर निजलेल्याला फक्त सूर कळावा. आता ओवीत कुणी म्हणतं की वाटेवर भाऊ दिसतोय, घोड्यावर बसून येतोय. भाऊ दिसत नाही, घोडा तर त्याच्याकडे जन्मात नव्हता. समोर बसलेली जाऊ असेल तर या ओवीचा अर्थ, मला इथे नकोसं झालंय. समोर नणंद असेल तर अर्थ, मलाही पाठीराखा आहे, जपून वागा. समोर स्वतःची लेक असेल तर अर्थ, तूही एक दिवस अशीच वाट बघशील. शब्द तेच, जातं तेच. अर्थ ठरतो तो खुंट्यावरचा दुसरा हात कुणाचा आहे त्यावरून. पंचवटीत सीतागुंफा दाखवतात तिथे लोक सीतेची कथा ऐकतात. ओवीत मात्र बाई सीतेची कथा सांगत नाही. नवऱ्याने टाकलेल्या बाईबद्दल मोठ्याने बोलता येत नाही म्हणून ती सीतेचं नाव घेते. न्यायमूर्ती ज्याला निमित्त म्हणाले, तेच हे निमित्त. गोविंदांना सरकारपासून आडोसा हवा होता, हिला घरापासून.

म्हणून कप्पे चुकीचे नाहीत, अपुरे आहेत. प्रत्येक ओवीशेजारी समोर कोण बसलं होतं हे लिहिता आलं असतं तर अर्थाचा निम्मा वाद मिटला असता.

शंकेखोर : आणि इथेच मला पुन्हा 1909 आठवतं. तुम्ही आता जे सांगितलंत ते खरं मानलं, तर ओवीचा आडोसा हाच त्या बाईचा आसरा आहे. जावेला कळावं आणि सासऱ्याला कळू नये, एवढ्यासाठी तिने भाऊ आणला, घोडा आणला, सीता आणली. तुम्ही येऊन तळटीप लिहिणार, की घोडा खोटा, भाऊ निमित्त, खरा मजकूर असा की या घरात छळ आहे. निकालपत्राची भाषा वेगळी होती का? माझा सुरुवातीचा आक्षेप मी मागे घेतो. अर्थ लावणारे मनाला येईल ते लावतात म्हणून मला भीती वाटत होती. आता भीती वाटते ती ते बरोबर लावतात म्हणून. चुकीच्या अर्थाने गाणाऱ्याचं फारसं काही बिघडत नाही. बरोबर अर्थाने बाबारावांना काळं पाणी झालं.

रसिक : त्या संग्रहातल्या बायांनी ओव्या चोरून दिलेल्या नाहीत. आपल्या नावाने, आपल्या गावच्या नावाने दिल्यात, काहींनी तर यंत्रापुढे बसून गायल्यात. पिठाची गिरणी गावात आली, जातं कोपऱ्यात गेलं, ओवी आपल्याबरोबरच जाईल असं दिसल्यावर ती कुठेतरी राहावी असं त्यांनाही वाटलं असणार. आणि कुणी उलगडलंच नाही तर उद्या ऐकणाऱ्या पोरीला भाऊ आणि घोडा एवढंच कळेल. आजीने हे गोड गाणं म्हटलं, असं ती म्हणेल, गथ्रीच्या गाण्याचं शाळेत झालं तसं. गोड ठरवून पुसून टाकणं हाही आजीवर अन्यायच आहे.

शंकेखोर : गाणं त्यांनी दिलं. अर्थ दिला का?

रसिक : काहींनी गाता गाता थांबून दिलाही असेल. काही जणी नुसत्या हसल्या असतील आणि पुढची ओवी धरली असेल. त्या हसण्याचं काय करायचं, शेजारी लिहायचं की तसंच सोडायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शंकेखोर : समोर कोण बसलं होतं ते लिहा. काय म्हणायचं होतं ते लिहू नका.

रसिक : ‘समोर जाऊ’ एवढं लिहिलं की ज्याला कळायचं त्याला सगळं कळलंच. आणि ती जाऊ अजून त्याच घरात आहे.